मिठाची बरणी ओट्याखाली

आमचं शेवटचं बोलणं मिठावरून झालं. दवाखान्यात तिला अळणी जेवण होतं, डॉक्टरांनी मीठ तोडलेलं. मी मुगाचं वरण भरवत होतो. दोन घासांनंतर तिनं तोंड फिरवलं आणि म्हणाली, "इथं मीठच नाय. बरंय... वाकायला नको." शेजारच्या खाटेवरची बाई हसली, तिला वाटलं म्हातारी बरळतेय. मी हसलो नाही. आमच्या घरात पन्नास वर्षं मीठ म्हणलं की वाकणं आलं, आणि ते कुणामुळं आलं हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पोराचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलेलं. "बाबा, आई गेली," म्हणाला. मी आधी गॅस बंद केला, मग खाली बसलो. आज सोळा दिवस झाले. लोक येतात, सोन्यासारखी बाई होती म्हणतात. सोन्यासारखी नव्हती. लई कडक होती. तिच्याबद्दल गोड गोड लिहिलं तर तिला चालायचं नाही, म्हणून जे होतं तेच लिहितो. माझी शाळा सातवीत सुटली, लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या.

चंद्रकला तिचं नाव. तिचे वडील लष्कराच्या छावणीत मैदानाच्या कडेला चहाची टपरी चालवायचे. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, छावणीत नव्या पलटणी आल्या आणि मैदानावर जवानांच्या बॉक्सिंगच्या लढती व्हायला लागल्या. पुढं ही सात-आठ वर्षांची झाली तशी रिंगभोवती कपबश्या फिरवायला लागली. शाळेचं तोंड बघितलं नाही, अक्षर ओळखीचं नाही. पण बॉक्सिंग तिला जेवढं कळायचं तेवढं पंचवीस वर्षं पोरं शिकवलेल्या आमच्या हवालदार उस्तादालाही कळत नव्हतं. "चहा सांडायचा नाय अन् ठोसा बघायचा सोडायचा नाय, ही दोन्ही जमली की नजर आपोआप तयार हुती," असं म्हणायची. मी तेव्हा वेल्डिंगच्या दुकानात कामाला होतो आणि संध्याकाळी उस्तादाकडं हात चालवायला जायचो. वजन चोपन्न किलो. लग्नासाठी तिला बघायला गेलो, तर सगळ्या माणसांदेखत पोह्यांची बशी माझ्यापुढं धरून हळूच म्हणाली, "डावा हात खाली सोडता तुम्ही." माझ्या मामाला वाटलं पोरगी पोह्यांबद्दल काहीतरी विचारतेय. रिंगमधली माझी खोड होती ती. मी घरी येऊन सांगितलं, करीन तर हिच्याशीच.

लग्नानंतर छावणीतच एक खोली भाड्यानं घेतली. दुकानातलं भंगार अँगल जोडून मी डब्यांसाठी लोखंडी मांडणी करून दिली, चार फळ्यांची. महिनाभरात बघतो तर डबे वेडेवाकडे लावलेले. हिंगाची एवढीशी डबी वरच्या फळीवर पहिली, तिच्याशेजारी पिठाचा मोठा डबा, मग मिठाची चिनी मातीची बरणी, मग धने, मग कुठं हळद, कुठं साबुदाणा. मी म्हणलं, "अगं, मोठे खाली, बारके वर, असं लाव की. एखांदा डोक्यात पडंल."

"हात लावू नका," ती म्हणाली. "ते डबे नायत. बॉक्सर हायत."

तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनं यादी डब्यांची केली होती. तिनं बघितलेले, ऐकलेले सगळे बॉक्सर, सगळ्या वजनांचे, एका ओळीत. कोण कुणापेक्षा थोर, त्या क्रमानं. पिठाचा डबा म्हणजे पलटणीतला नव्वद किलोचा एक सुभेदार. पहिली हिंगाची डबी म्हणजे यूसुफ. यूसुफ माझ्याच उस्तादाचा शागीर्द, जुन्या शहरातल्या हिमरूच्या शाली विणणाऱ्या घरातला, एक्कावन्न किलोचा पोरगा. दिवसभर मागावर बसायचा आणि संध्याकाळी रिंगमध्ये असा फिरायचा की समोरच्याला वारं लागायचं, माणूस लागायचा नाही. तिसरी, मिठाची बरणी म्हणजे मी. मीठच का, असं विचारलं. "तुमच्याशिवाय चालत नाय, अन् तुम्ही जास्त झाला की सगळं नासतंय," म्हणाली.

मी वाद घातला. म्हणलं, एक्कावन्न किलोचा नव्वद किलोच्या वर कसा? सुभेदारानं नुसता हात टाकला तर यूसुफ पार कन्नड गावाला जाऊन पडंल. तिनं पोळी लाटता लाटता सांगितलं ते मला अजून शब्दाला शब्द पाठ आहे. "वजन काट्यावर बघायचं. मी तीन गोष्टी बघते. पाय कसे पडत्यात. मार खाल्ल्यावर तोंड कसं ऱ्हातं. अन् रेफ्रीनं थांब म्हणल्यावर हात थांबतो का. पहिल्या दोन्हीत वजनाचा फरक पडतो. तिसऱ्यात पडत नाय. सुटलेला हात थांबवायचा म्हणलं की तिथं सगळे सारख्याच वजनाचे." आणि मग लाटणं माझ्याकडं करून, "यूसुफचा थांबतो. हवेत थांबतो. मी बघितलंय."

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मैदानावर मोठ्या लढती होत्या. आमच्या वजनाची पोरं कमी आली, म्हणून दोन गट एक केले आणि शेवटच्या लढतीत मी आणि यूसुफ समोरासमोर आलो. दोन फेऱ्या त्यानं मला हातच लावू दिला नाही. लोक मला हसत होते. तिसऱ्या फेरीत यूसुफच्या ग्लोव्हची नाडी सुटली. त्यानं हात वर करून रेफ्रीला दाखवला, रेफ्री "थांब" म्हणला, आणि यूसुफनं दोन्ही हात खाली घेऊन मान वळवली... मी मारलं. उजव्या हातानं, पूर्ण जोर लावून, डाव्या डोळ्यावर. तो पडला तो उठला नाही. गलका एवढा होता की रेफ्रीचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढं गेलाच नसंल. रेफ्रीनं मला विचारलं, "ऐकू आलं नाही का?" मी म्हणलं, नाही. सगळ्यांना पटलं. कप मला मिळाला.

ऐकू आलं होतं. लख्ख ऐकू आलं होतं.

ती पहिल्या रांगेत बसली होती. घरी आल्याबरोबर पदर खोचला, मांडणीवरची मिठाची बरणी उचलली आणि ओट्याखाली, रॉकेलच्या डब्याशेजारी नेऊन ठेवली. मी ओरडलो, "काय चाललंय?" तर म्हणाली, "यूसुफला जाऊन खरं सांगा. मग मी वर ठेवते." बास. ना भांडली, ना रडली. जेवायला वाढलं, भाजीत मीठ बरोबर होतं.

यूसुफच्या डाव्या डोळ्यापुढं जाळं आलं ते गेलं नाही. रिंग सुटली ते एक वेळ ठीक, पण हिमरूच्या मागावर एकेक धागा बघावा लागतो. वर्षभरात त्याचा मागही सुटला. नात्यातल्या कुणीतरी त्याला दुकानात बसवलं, वेरूळ बघायला आलेल्या लोकांना शाली दाखवायला. मला हे सगळं कळत होतं. जातो, पुढच्या जुम्म्याला जातो, ईदला जातो, असं करत गेलो नाही. आधी लाज होती, मग भीती, मग एवढी वर्षं झाली की आता काय तोंडानं जायचं... माणूस स्वतःला काहीही सांगतो. बॉक्सिंग मी सोडलं. कप एका दिवाळीत भंगारात घातला, ती बघत होती.

पण तिची यादी चालू राहिली. शेजारच्या जोशी मास्तरांकडं टीव्ही आला तसे तिच्या यादीत परदेशातले बॉक्सर आले. नावं तिला येत नव्हती. एकाला दाढीवाला म्हणायची, एकाला डावखुरा, एकाला बायकोला हात दाखवणारा, कारण तो जिंकल्यावर गर्दीत बायकोला शोधायचा. रात्रीच्या लढती टीव्हीवर सकाळी परत लागायच्या तेव्हा ही हातातलं काम टाकून जायची. घरी आली की डबा सरकवायची, साबुदाणा वर, शेंगदाणे खाली. मास्तर चेष्टा करायचे. "वहिनी, ज्याच्या पाया सगळं जग पडतं तो तुमच्याकडं धन्याच्या डब्यात, अन् आपला हिमरूवाला पहिला? एका ठोशात उडवंल तो तुमची हिंगाची डबी."

"उडवायला आधी सापडायला पायजे, मास्तर. यूसुफ काय फळ्यावर लिहिलेलं गणित हाय का, जाग्यावर थांबायला?"

मास्तर हसून हसून खोकायचे. मी पेपर तोंडापुढं धरून बसायचो. कारण एक गोष्ट मास्तरांना दिसत नव्हती, मला दिसायची. पिठाचा डबा आणि धन्याचा डबा यांच्यामधली तिसरी जागा रिकामी होती. तिथं तिनं कधी काही ठेवलं नाही. पाहुण्यांपैकी कुणी तिथं चहाचा डबा टेकवला तर पाठ वळायच्या आत उचलायची. छावणीची खोली सोडून गारखेड्याला पोरानं घर बांधलं, तिथं नवीन ओटा, नवीन कपाटं आली, पण ही मांडणी तिनं टेम्पोत घालून आणली आणि डबे त्याच क्रमानं लावले. मिठाची बरणी ओट्याखाली. रोज दोन वेळा त्या बरणीसाठी ती वाकायची. पुढं गुडघे गेले. ओट्याला धरून, "आई गं" म्हणत खाली जायची आणि तसंच म्हणत वर यायची. मी एकदा म्हणलं, "मी देतो ना काढून." तर म्हणाली, "तुम्ही दुसरंच करा, जे सांगितलंय ते." तिला त्रास द्यायचा होता म्हणून नाही. तिला वाटायचं, हा कधीतरी उठंल आणि जाईल. ती वाट बघत होती. पन्नास वर्षं माझी वाट बघत ती वाकत राहिली... आणि मी तिच्या हातचं बरोबर मिठाचं जेवत राहिलो.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सूनबाईनं, वैशालीनं, घर धुवून काढलं. मी देवळातून आलो तर मांडणी चकचकीत. मोठे डबे खाली, बारके वर, मिठाची बरणी हाताशी, शेगडीच्या बाजूला. मी एवढा ओरडलो की पोरगी रडायला लागली. "मामा, काय चुकलं माझं? नीट तर लावलं." तिला काय माहीत. मग मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं, रिंग, नाडी, थांब, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून काढलं आणि ते सुनेपुढं. ती उठली, डोळे पुसले आणि म्हणाली, "तुम्ही सांगा, मी लावते." दुपारभर आम्ही डबे लावले. हिंग पहिली. पीठ दुसरं. तिसरी जागा मोकळी, बरणी परत ओट्याखाली. धने चौथे. दाढीवाला जिऱ्यात की मोहरीत, ते मला आठवेना. अजून आठवत नाही. ते आता कुणीच सांगू शकत नाही.

दुसऱ्या सकाळी मी रिक्षा करून जुन्या शहरात गेलो. यूसुफ दुकानात गादीवर बसला होता, दाढी पांढरीफेक, जाड भिंगाचा चष्मा, शालीची घडी घालत होता. मान तिरकी करून उजव्या डोळ्यानं बघितलं. "दिग्या?" म्हणाला. मी बसलोही नाही. उभ्यानंच म्हणलं, "रेफ्री थांब म्हणला ते मला ऐकू आलं होतं."

त्याचे हात घडीवरून हलले नाहीत. "हौ," म्हणाला. "मेरेकू मालूम है. मुंडी फेरते फेरते दिखा मेरेकू. तेरा कंधा रुका था. रुका, फिर चला."

"मग बोलला का नाहीस कुणाला?"

"बोलना तेरेकू था." मग घडी पूर्ण केली, ढिगावर ठेवली. "छावणी से यहां तक आने को पचास साल लगे तेरेकू. पाय तेरे पहले से ही स्लो थे."

चंद्रकला गेली, हे मी तेव्हा सांगितलं. मग मांडणीचं सांगितलं. म्हणलं, सगळ्या जगाच्या बॉक्सरांत तिनं तुला पहिला ठेवला होता, मरेपर्यंत. सुभेदारावर, दाढीवाल्यावर, सगळ्यांवर. त्यानं विचारलं, "कौनसा डब्बा?" मी म्हणलं, हिंगाची डबी. तो हसला. हसता हसता चष्मा काढला. डाव्या डोळ्याला दिसत नाही, पण पाणी दोन्ही डोळ्यांना आलं. मला माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही माफी मागितली नाही. चहा मागवला, आम्ही प्यायलो. निघताना म्हणाला, "कभी दिखा वो मांडणी." येणार आहे पुढच्या आठवड्यात, नातू घेऊन येतो म्हणाला.

घरी आलो तर वैशाली दारातच. माझ्या तोंडाकडं बघून तिला कळलं. ओट्याखालून बरणी काढली, पदरानं पुसली आणि म्हणाली, "मामा, आता ठेवू ना वर? तुमच्या जागेवर?" मी बरणी तिच्या हातातून घेतली. जड आहे. तिसऱ्या जागेपर्यंत हात नेला... आणि परत आणला. जाऊन सांगायचं काम माझं होतं, ते मी केलं, ती गेल्यावर केलं. वर ठेवायचं काम तिचं होतं. माझ्या हातानं मी माझा नंबर लावला तर ती यादी तिची राहत नाही.

आता वरण मीच करतो, वैशाली ओरडते तरी. आज सकाळी मिठासाठी वाकलो. एक हात ओट्यावर, एक गुडघ्यावर. खाली गेल्यावर समजलं की तिथून मांडणी पूर्ण दिसते, वरपासून खालपर्यंत, आणि मधली मोकळी जागा सगळ्यात आधी दिसते. ती रोज दोन वेळा हेच बघत होती.