काकींनी ऑपरेशन थिएटरच्या दारात विचारलेला प्रश्न

मंडळी, घरी येऊन दोन तास झाले, तरी मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

मी परळच्या एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आज आमच्या लालबागच्या चाळीतल्या शेजारच्या काकांचं जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन होतं. गाठ काढली की तिच्या कडेचे तुकडे लगेच आमच्याकडे येतात. मी ते गोठवून पातळ काप घेते आणि डॉक्टर मॅडम मायक्रोस्कोपखाली बघतात. तोवर पेशंट टेबलावर बेशुद्धच असतो.

मॅडमनी दोनदा बघितलं आणि ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, फोन लावला. "एका कडेला अजून कॅन्सर आहे. आणखी काढावं लागेल."

नवा तुकडा आणायला मी धावले, तर ओटीच्या दारात काकी. माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "बाय गो, तुका ठावक आसतला. सगळा निघाला मा?"

रिपोर्ट आम्ही सांगायचा नसतो. "डॉक्टर सांगतील, काकी," एवढंच म्हणून मी हात सोडवला.

नवा तुकडा गोठवून काप घेतले. पहिला दुमडला, दुसरा नीट आला. मॅडम म्हणाल्या, "ही कड साफ आहे." तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. पक्का रिपोर्ट यायला अजून काही दिवस लागतील.

निघताना काकी भेटल्या. डॉक्टरांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. "तेवा तुका ठावक होता मा?" मी "हो" म्हटलं. त्यांनी तोंड फिरवलं.

नियम मला पटतो. पण माझ्या जागी तुम्ही असतात, तर काय बोलला असतात?