भावोजींच्या पोटऱ्या

स्वतःच्या पोटऱ्यांवर आमच्या भावोजींइतकं निर्मळ प्रेम करणारा गृहस्थ मी आजवर पाहिलेला नाही. बसल्या जागी लेंगा गुडघ्यापर्यंत वर सरकवून ते पोटरी पुढे करत आणि समोरच्याला म्हणत, "दाबून बघ. दगड आहे दगड!" ही विनंती त्यांनी मला केली आहे, दूधवाल्याला केली आहे आणि माझ्या लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या माझ्या सासऱ्यांनाही केली आहे. सासरे भिडस्त. त्यांनी दाबून पाहिली.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताई, भावोजी आणि भावोजींच्या आई, म्हणजे माई, अशी तिघं गिरगावातली खोली सोडून वाशीच्या नव्या वसाहतीत राहायला आली. ऐंशी साल उजाडायच्या सुमाराची ही गोष्ट. पाठोपाठ मीही त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर आलो. भावोजी जवळच्या पावणे गावी रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. बसचा भरवसा नसे, म्हणून त्यांनी सायकल घेतली. इथवर सगळं चारचौघांसारखं होतं. पण मग कुलाब्याच्या कुणा म्हाताऱ्या पारशी गृहस्थाकडून त्यांनी वाकड्या हँडलची, बारीक चाकांची शर्यतीची जुनी सायकल आणली आणि चाळिशी ओलांडलेला हा माणूस हातातून गेला. रविवारी आधी सायकलची आंघोळ, मग स्वतःची. वजन कमी करायचं म्हणून घंटी काढली, मडगार्ड काढले. वाटेत खायची केळीसुद्धा ते घरूनच सोलून नेत. "सालीचं वजन उगीच कशाला वाहायचं?" असा त्यांचा सवाल असे, आणि सोललेली केळी शर्टाच्या खिशात गेल्यावर शर्टाचं काय होतं हा ताईचा. खाडीवरचा वारा समोरून आला की ते त्याला मोठ्यांदा दम देत, "ये, ये! आज बघतोच तुला!" घंटी नसली तरी पुढे चालणारी माणसं हे ऐकून आपणहून बाजूला होत.

एकदा पावण्याच्या वळणावर ट्रकमधून सांडलेल्या खडीवरून चाक घसरलं आणि भावोजींची उजवी पोटरी सोलून निघाली. कंपाउंडरने जखम बांधून वरून भक्कम चिकटपट्टी मारली. आता भावोजींच्या पायांवर केस असे होते की हिवाळ्यात त्यांना पांघरूण लागत नसावं असा माझा समज होता. पट्टी काढायच्या दिवशी त्यांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून मी वरच्या मजल्यावरून जिने उतरत धावलो. भावोजी डोळ्यांतलं पाणी पुसत होते, पण चेहऱ्यावर साक्षात्कार झाल्याची कळा होती. "अरे, तो पारशी म्हणाला होता मला! 'डिकरा, रेसवाला लोक पायाचा बाल काढून टाकते. पडला तर जखम साफ राहते, मालिश पन बराबर होते.' मी हसलो होतो रे त्याला!"

त्याच सुमारास आमच्या सेक्टरच्या क्रीडा मंडळाने सायकल शर्यत जाहीर केली होती. वाशी ते पनवेल आणि परत. वयाची अट नाही. भावोजींनी पहिल्याच दिवशी नाव दिलं. मी थट्टा करायला गेलो, तर ते सायकल पुसायचं थांबले. शाळेत असताना ते पळण्यात पुढे होते. वडील अचानक गेले, मॅट्रिकच्या निकालाआधीच नोकरी धरावी लागली. "मी कुठल्या शर्यतीत हरलोसुद्धा नाही रे," ते म्हणाले, "हरायला आधी उतरायला तरी मिळायला हवं ना."

तेव्हा शर्यत ठरली आणि केसही जायचे ठरले. फक्त हे काम स्वस्तात व्हायला हवं होतं, कारण सायकलच्या नव्या टायरांचा खर्च आधीच ताईच्या डोळ्यांवर आला होता. पहिला मान दाढीच्या ब्लेडला. भावोजी मोरीत स्टुलावर बसले, पायांना ब्रशने साबणाचा फेस केला आणि कामाला लागले. एका पोटरीतच ब्लेड बोथट झालं. नडगीचं हाड, गुडघ्याची वाटी, घोटा असे जिथे जिथे चढउतार होते तिथे तिथे रक्त आलं आणि वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून भावोजी बाहेर आले तेव्हा त्यांच्या पायांवरच्या बातम्या वाचता येत होत्या. मोरी तुंबली ती वेगळीच. मग ते झाडाखाली आरसा टांगून बसणाऱ्या भय्या न्हाव्याकडे गेले. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि हात जोडले. "साब, हम गर्दन के ऊपर का कारीगर है."

मग केमिस्टकडून केस काढायची पावडर आणली. पाण्यात कालवून लेप लावायचा, थोडं थांबायचं, पुसून काढायचं. बिनरक्ताचा आणि परवडणारा उपाय. फक्त त्या लेपाला सडक्या अंड्यांचा वास होता, आणि भावोजींच्या पायांचा विस्तार बघता लेपही भरपूर लागला. आमच्या भागात रसायनांच्या कारखान्यांमुळे लोकांची नाकं आधीच धसकलेली. कुणीतरी जिन्यात ओरडलं, "गॅस सुटला! कंपनीतून गॅस सुटला!" सोसायटीचे सेक्रेटरी बनियनवर खाली धावले, मागोमाग बायका, पोरं, कुणाची इस्त्री, कुणाचा रेडिओ. मीही नाकाला रुमाल लावून उतरलो. वाशीगावची कोळीण पाटी घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "आगो बाय, काय हाय ह्यो? माझं सुकं बोंबील बी आसं घान नाय मारत!" एवढ्यात, सगळे खाली का गेले हे बघायला भावोजी जिन्यातून अवतरले. कमरेला पंचा, आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पांढऱ्या लेपाचे दोन खांब. "काय झालं?" त्यांनी विचारलं. वास त्यांच्यासोबतच खाली आला होता, त्यामुळे कुणाला उत्तर द्यावं लागलं नाही.

लोक हसले, भावोजीही हसले. ताई हसली नाही. पुढे हळदीकुंकवाला कुणीतरी तिला विचारलं, "तुमचे मिस्टर नाटकात बायकांची कामं करतात का हो?" ती वाण न घेताच घरी आली. त्या दिवसापासून तिने भावोजींशी बोलणं टाकलं. "त्यांना सांग, जेवायला वाढलंय," असं ती भावोजींच्या समोर उभी राहून मला सांगे. भावोजींनी तिच्याकडे एकच मागणं मागितलं होतं. शर्यतीच्या दिवशी शेवटच्या रेषेजवळ उभी राहा. ताईने तेही माझ्यामार्फत कळवलं, "त्यांना म्हणावं, मला त्या दिवशी काम आहे." तेव्हापासून संध्याकाळचा सराव करून आल्यावर पोटरी दाखवणं भावोजींनी बंद केलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो तर स्वयंपाकघरात साखर आणि लिंबाचा पाक शिजत होता. लेपाने गेलेले केस एव्हाना दुप्पट जोमाने परतले होते, आणि कारखान्यातल्या टायपिस्टबाईंनी शेवटचा उपाय सांगितला होता: घट्ट पाक पायावर लावायचा, वर कापडाची पट्टी दाबायची आणि उलट्या बाजूने ओढायची. घरात असलेल्या वस्तूंत काम. माईंनी लाडवांचा पाक समजून बोट चाखलं आणि म्हणाल्या, "लिंबू पिळलंस होय रे? लाडू बसायचे नाहीत हो." भावोजींनी पाक लावला, जुन्या धोतराची पट्टी दाबली, आणि ओढायची वेळ आल्यावर त्यांचा हातच चालेना. तीन वेळा रामाचं नाव घेऊन त्यांनी पट्टीचं टोक धरलं आणि सोडलं. तेवढ्यात पाक गार होऊन घट्ट बसला. तो वर निघेना, खाली निघेना. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर चुकवून भांडी बघायला लागलो.

ताई दारात येऊन कधी उभी राहिली होती कुणास ठाऊक. ती पुढे आली, खाली बसली, पदर खोचला.

"दात आवळा," ती म्हणाली. कित्येक आठवड्यांतले तिचे त्यांच्याशी पहिले शब्द.

"अगं पण हळू..."

फर्रकन आवाज झाला. भावोजींची आरोळी घशातच राहिली. पट्टीकडे पाहून ताई म्हणाली, "अहो, हे काय हो! एवढ्यात उशी भरेल!" आणि जी हसायला लागली ती थांबेना. भावोजी एका डोळ्याने रडत तिच्याबरोबर हसत होते. दोन्ही पाय होईपर्यंत माई शेजारी बसून प्रत्येक पट्टीला "हळू गो, हळू" म्हणत होत्या, आणि ताई अजिबात हळू ओढत नव्हती.

शर्यत सकाळची होती. 'काम आहे' म्हणालेली ताई पाण्याची कळशी घेऊन माझ्याआधीच येऊन उभी होती. पावणे-रबाळ्याचे तरणे कामगार, कॉलेजची मुलं आणि त्यांच्यात तुळतुळीत पायांचे भावोजी. पांढरं निशाण पडलं आणि सगळे गेले. पहिले सायकलवाले परत आले, दुसरे आले, टाळ्या वाजल्या, हार पडले, बक्षिसं वाटली. भावोजींचा पत्ता नाही. मंडपवाले दोऱ्या सोडायला लागले. कुणीतरी सांगत आलं की कळंबोलीच्या पुढे तुमचा म्हातारा पडला होता, पण टेम्पोत बसायला तयार नाही. ताई त्याच्या अंगावर गेली, "म्हातारा कुणाला म्हणतोस?"

ते आले. हँडल आणखी वाकडं झालेलं, एक पोटरी लाल. शेवटच्या रेषेवरून सायकल नेली आणि तिथेच रस्त्यावर बसले. ताईने कळशीने पायावर पाणी ओतलं. माती, रक्त सगळं एका धारेत निघून गेलं आणि खाली स्वच्छ खरचटलेलं दिसलं. भावोजी धापा टाकत होते, तरी बोट नाचवत म्हणाले, "बघितलंस? एक खडा अडकला नाही! पारशी खरं बोलला!"

"शेवटून पहिले आलात," मी म्हणालो.

"हरलो ना?" त्यांनी विचारलं, आणि एवढ्या आनंदाने विचारलं की मला पटकन हो म्हणवेना.

आता ना ती सायकल आहे, ना माई. तो हमरस्ताही आता गाड्यांनी असा भरलेला असतो की चार हातांपलीकडचा माणूस ओळखू येत नाही. तेव्हा मात्र पनवेलच्या बाजूने येणारा माणूस फार लांबून, आधी नुसता ठिपक्यासारखा दिसायचा. त्या दिवशी आम्ही सगळे उन्हाला हात आडवा धरून बघत होतो, आणि आम्हा कुणालाही काही दिसायच्या आधीच ताई पाण्याची कळशी उचलून चालायला लागली होती.