नाकवालीला वास आला नाही तेव्हा

साबणाच्या कारखान्यात ती अकरा वर्षं होती. सुगंधाचं मिश्रण बिघडल्याची शंका आली की मुकादम यंत्राआधी तिला हाक मारायचा. तिथेच तिला नाव पडलं, नाकवाली. कारखाना बंद पडला. त्यानंतर आम्ही वस्तीतल्या काही जणांनी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत बालवर्ग काढला आणि शिकवायला तिला बसवलं. तिच्याकडे शिक्षिकेचं प्रमाणपत्र नव्हतं. माझ्याकडे तर शाळा सोडल्याचा दाखलाही नाही, त्यामुळे ती उणीव माझ्या डोळ्यांत कधी भरली नाही.

बाटलीत काय आहे ते मुलांनी ओळखायचं, आणि त्याची तिची पद्धत ठरलेली. बाटली समोर आली की आधी डोळे, मग कानाशी हलवणं, मग बोट, मग नाक. जीभ शेवटी, तीही तिने हो म्हटलं तरच. बाटल्या तिची धाकटी जाऊ भरायची आणि कशात काय ते नाकवालीलाही सांगायची नाही.

"मला ठाऊक असलं की तोंडावर उमटतं," ती म्हणायची. "पोरं बाटली सोडून माझं थोबाड वाचतात."

यंदा वर्गाला अनुदान देणाऱ्या कचेरीकडून तपासनीस आले. तिला ठेवायचं की काढायचं, ते त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. नेमकं त्याच सकाळी तिचं नाक चोंदलेलं.

जिन्यातच जाऊ म्हणाली, "जाऊबाई, आज तरी ऐका. निळ्या झाकणाच्या बाटलीत..."

"गप. एक अक्षर काढलंस तर खाली उतर."

मी म्हटलं, "अगं, पोटाचा प्रश्न आहे."

तिने नुसतं पाहिलं. भल्याभल्या साहेबांना खुर्चीतून उठवलेला मी मुकाट वर्गात भिंतीशी जाऊन बसलो.

पहिल्या दोन बाटल्या मुलांनी चटकन उलगडल्या. तिसरी, निळ्या झाकणाची, तपासनिसांनी तिच्याच हातात दिली. "बाई, तुम्ही सांगा."

तिने पाहिली, हलवली, बोट बुडवलं, हुंगली. "रंग नाही. चिकट नाही. वास नाही. पाणी असावं."

पाच वर्षांची एक पोर, जिला सगळे वटवट म्हणतात, तिने बाटली ओढली आणि तळव्याने वारा नाकाकडे घेतला. "वास आहे की. टोचतो. तू नीट घेतलाच नाहीस."

बाटली फिरली. अकरापैकी नऊ जणांना वास आला. जाऊने मान खाली घातली. बाटलीत व्हिनेगर होतं.

नाकवालीने फळ्यावर लिहिलं: बाईंना वास नाही, नऊ मुलांना आहे, बाईंना सर्दी आहे.

"चुकलं ते पुसा," तपासनीस म्हणाले.

"मला वास आला नाही हे खरंच आहे, ते कशाला पुसू? चुकलं ते 'पाणी असावं'. ते लिहून काट मारते."

तपासनिसांनी बाटलीत थेट नाक खुपसलं आणि डोळे पुसत मागे सरले.

"काका, नाक आत घालायचं नसतं," वटवट म्हणाली.

आठवड्याने अहवाल आला. 'मुलांचे निरीक्षण उत्तम. शिक्षिकेचे ज्ञान अपुरे.' तिला एक वर्ष ठेवलं, पुढे परीक्षेची अट. दुसरं वाक्य वाचून माझं टाळकं सटकलं. मी चार पानी निषेध लिहायला घेतला.

"भाऊ, भांडू नका," ती म्हणाली. "त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. सर्दीचं तेवढं लिहायचं राहिलंय. ते कळवा."

मी तेवढंच कळवलं. दोन ओळींत. इतकं लहान पत्र मी आजवर कुठल्याच कचेरीला लिहिलेलं नाही.