तिऱ्हाईत साळा

एका रविवारी दुपारी मी आणि माझी बायको तिच्या सख्ख्या भावाला ओळखत नव्हतो. योजना माझी होती. (घरात इंग्रजी वाचता येणारा मी एकटाच!)

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता आणि मी तिथे हेडक्लार्क होतो. बदली झालेल्या एका साहेबाची जुनी मोटार मी घेतली. विमा एजंटाने तीन प्रकार सांगितले. पहिल्यात फक्त दुसऱ्या माणसाला लागलं तर भरपाई, दुसऱ्यात त्याच्या सामानाचीही, आणि तिसऱ्यात आपल्या गाडीचीसुद्धा. मी शहाण्यासारखा मधला घेतला. आपली गाडी आपण कशाला ठोकू?

नाहीच ठोकली. मागे घेताना साळ्याच्या कोऱ्या सायकलवर घातली!

हा साळा, केशव, जवळच्या चरोद्याहून सायकलनेच कारखान्यात ड्युटीवर यायचा. बिचारा रडकुंडीला आला.

"जिजाजी, आता ड्युटीवर जाऊ कसा? चार खाडे झाले का नाव कटते!"

"घाबरतो कायले? विमा हाय ना!"

मी ऐटीत पॉलिसी उघडली आणि 'थर्ड पार्टी'वर अडलो. तिसरा म्हणजे परका. साळा परका कसा? म्हणजे भरपाई बोंबलली! पण हेडक्लार्क काय असा हार मानतो?

"केशव, आजपासून तू आमचा कोणी नाईस."

"कावून? मी काय केलं?"

"तू रस्त्यानं चालला होतास. मी तुले ओळखत नाई. शांता बी ओळखत नाई."

"माह्या भावाले मी ओळखू नको?" बायको कडाडली. "लग्नात तुमचा कान यानंच पिळला होता!"

"पिळला नाई असं समज."

मग मी विमा कंपनीला झोकदार इंग्रजीत लिहून दिलं की सदर इसमाशी माझा काडीचाही संबंध नाही. खाली लफ्फेदार सही ठोकली.

रविवारी विम्याचे इन्स्पेक्टर आले. रायपूरकडचे, अस्सल छत्तीसगढी. बायकोने भावाला परक्यासारखं दारातच बसवलं. केशवने तर कमाल केली!

"साहेब, या मानसाले गाडी चालवताच येत नाई! याले लायसन देल्लं कोनं?"

(इतकं सांगितलं नव्हतं.) इन्स्पेक्टर मान डोलावत लिहीत होते.

तेवढ्यात आमची वर्षाची लेक आतून रांगत आली. इकडे छत्तीसगढात मामाने भाचीच्या पाया पडायचं असतं. आम्ही मूळचे भंडाऱ्याचे, पण केशवने ही रीत हौसेने उचललेली. सवयीने तो वाकला आणि तिच्या इवल्या पायांवर डोकं ठेवून मोकळा झाला!

इन्स्पेक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. "भांची है?"

"नाई जी," केशव चाचरला, "रस्त्यात जे लेकरू भेटलं त्याच्या पाया पडून राहतो मी."

"बाबूजी," इन्स्पेक्टर माझ्याकडे वळले, "साला भी थर्ड पार्टी ही होता है. सच लिखते तो साइकिल मिल जाती. अब तो झूठा बयान हो गया."

माझं झोकदार इंग्रजी घेऊन ते गेले. पुढचा तासभर बायको जे बोलली, ते छापण्यासारखं नाही.

नव्या सायकलसाठी दुर्गच्या दुकानात नंबर लावावा लागायचा. तोवर केशवची नोकरी टिकवायची जबाबदारी माझी! रोज पहाटे चरोद्याला जाऊन त्याला गेटवर सोडू लागलो. पुढची सीट टोचते म्हणून लाडोबा मागे बसायचा.

तिसऱ्या दिवशी गेटवर नवा शिपाई होता. त्याने मागचं दार उघडून केशवला कडक सलाम ठोकला आणि माझ्यावर डाफरला, "ए ड्रायव्हर, साहब को उतार दिया न? अब गाडी उधर लगा!"

मी "जी" म्हणालो आणि गाडी तिकडे लावली.