पडायच्या आधी थांबणारा

बी.ए. झालो, आमच्या घराण्यात पहिलाच, आणि नागपुरात महालातल्या एका व्हिडिओ लायब्ररीत बसू लागलो. कॅसेटी रिवाइंड करून संध्याकाळपर्यंत जीव विटून जाई. नेमका तेव्हा एक म्हातारा विणकर यायचा, एकच जुना मूक विनोदी सिनेमा मागायला. नाव मी कधी विचारलं नाही.

आमच्याकडे त्या सिनेमाच्या दोन कंपन्यांच्या कॅसेटी होत्या. दोन्ही परत करताना त्याने नकारार्थी मान हलवली.

"काहून बाबाजी? सिनेमा तर एकच आहे," मी वैतागून म्हणालो.

"एक कुठं गा? याच्यात तो जोकर घाईघाईनं पडते. त्याच्यात तर पडनंच कापलं. पडायच्या आंधी तो जरासा थांबे. तिथंच माही बायको हासे."

त्याच्या तरुणपणी उमरेडला तंबूतल्या सिनेमात बाया दोरीपलीकडे बसत. तिचं हसू त्याला इकडूनही ओळखू येई. लकवा झाल्यापासून ती हसली नव्हती.

पुढे मुंबईहून तिसरी कॅसेट आली. त्याने ती नेली आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर आणून ठेवली.

"थांबला काय तो?"

"थांबला. मी हासून राहिलो होतो, अन् ती माह्याकडं पाहून राहिली होती."

"हासली?"

"नाही गा," तो म्हणाला आणि कॅसेट उचलून परत पिशवीत टाकली. "आजही नेतो."