मामांचा सहा किलोंचा संसार

सर्व नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गरजेपुरतंच सामान बाळगणारा या पृथ्वीवरचा शेवटचा माणूस कसबा पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. ज्यांना खात्री करून घ्यायची असेल त्यांनी सकाळी जावं. जाताना हातात पिशवी नेऊ नये. मामा ती उघडायला लावतात.

मामांचं वय सदुसष्ट. सगळी नोकरी त्यांनी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढली. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी विचारलं, काय हवं? लोक शाल मागतात, घड्याळ मागतात. मामांनी तानकाटा मागितला. वस्तू अडकवून वजन करायचा तो जुना काटा आता त्यांच्या घरात झोपाळ्याच्या कडीला लटकतो. झोपाळा माळ्यावर गेला. सायकल घेऊन कुठेही निघायचं, तर प्रत्येक वस्तूला या काट्याखालून जावं लागतं. साबण अर्धा. कंगवा नाहीच, कारण "उरलेत तेवढ्या केसांना बोटं पुरतात." नकाशा असतो, पण ज्या बाजूला जायचं नाही ती बाजू कातरलेली. पंचा एकच, तो सकाळी टॉवेल, दुपारी फेटा आणि रात्री पांघरूण. छत्रीचा विषय मी एकदाच काढला. "पाऊस थांबला की माणूस आपला आपण वाळतो," मामा म्हणाले, "छत्री वाळवावी लागते." नागपूरला दुसऱ्या एका भाचीच्या लग्नाला हा गृहस्थ जेवणाच्या डब्यात झब्ब्याची घट्ट गुंडाळी भरून गेला होता. डबा म्हणून कुणीतरी तो थेट मुदपाकखान्यात नेऊन दिला. आचाऱ्याने झाकण उघडलं, दोन क्षण बघितलं आणि मामांना शोधत येऊन अदबीने विचारलं, "काका, हे गरम करायचंय का?"

मीही एकदा त्यांच्याबरोबर निघालो होतो. खडकवासल्यापर्यंत सायकल, पुढे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल आणि मग गड पायी, एक मुक्काम. धरणाजवळ चहाच्या टपरीवर मामांनी माझी सॅक उघडली. दोन टॉवेल, फुगवायची उशी, बॅटरी, बॅटरीसाठी दुसरी बॅटरी आणि लोणच्याची काचेची बरणी. मामांनी सगळं बाकावर मांडलं आणि विचारलं, "जावईबापू, घरातून निघालात, का घर घेऊन निघालात?" टपरीवाला हसला. मी हट्टाने सगळं परत भरलं. अर्ध्या गडावर माझी जीभ बाहेर आली आणि चपलेचा पट्टा तुटला. सहा किलोंच्या पिशवीतून मामांनी दोरा ओवलेली सुई काढली, सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा काढला आणि दगडावर बसून पाच मिनिटांत पट्टा शिवला. माझ्या चौदा किलोंमध्ये त्या वेळी उपयोगी पडेल अशी एकही वस्तू नव्हती. लोणचं होतं. ती चप्पल मी अजून वापरतो; पट्टा तुटत नाही.

या सगळ्यामागे एक शिस्त आहे. प्रत्येक प्रवासाहून आल्यावर मामा सतरंजी अंथरतात आणि पिशवी ओतून दोन ढीग करतात: 'लागलं' आणि 'नाही लागलं'. दुसऱ्या ढिगातली वस्तू पुन्हा कधीच बरोबर जात नाही. मग एक वही उघडून तिच्यात तिसरी यादी लिहितात: 'नव्हतं आणि लागलं'. सुई अशीच भोरच्या प्रवासानंतर पिशवीत आली. गेली तीन वर्षं हे चाललंय ते एका मोठ्या बेतासाठी. महाबळेश्वरला जायचं आणि तिथून कृष्णेच्या काठाकाठाने थेट समुद्रापर्यंत. रस्ता असेल तिथे सायकलवर, नसेल तिथे सायकल हातात धरून पायी. दोन-अडीच महिने.

बेत अडला तो मामींपाशी. मामा त्यांचं नाव घेत नाहीत. चाळीस वर्षं त्या नुसत्या 'ही' आहेत: "ही देवळात गेलीय", "हिला विचारा". शेवटच्या सरावाहून मामा आले, सतरंजी पडली, आणि मामींनी दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा न उघडलेला 'नाही लागलं'मध्ये जाऊन बसला. मामी बघत होत्या. म्हणाल्या, "आणि मी कुठल्या ढिगात?" सगळ्याला उत्तर असणारे मामा गडबडले आणि म्हणाले, "तू काय सामान आहेस?" उत्तर खरं होतं आणि साफ चुकलेलं होतं. मामींनी त्या दिवसापासून प्रवासाचा विषय बंद केला. 'हो' नाही, 'नाही'ही नाही. आणि मामा सगळ्यांना सांगत सुटले, "हिचा होकार आल्याशिवाय मी जिना उतरणार नाही."

तीन आठवडे असे गेले. मग एका रविवारी सकाळी मामांनी मला शेवटच्या तपासणीला बोलावलं. होकार नव्हताच, पण पिशवी तयार होती. ती काट्याला अडकवली. काटा बरोबर सहावर. मामी दाराशी आमच्याकडे पाठ करून मेथी निवडत होत्या. मामांनी माझ्या हातात वही दिली. "तिसरी यादी वाचा मोठ्याने. एकेक गोष्ट आलीय ना पिशवीत, बघतो."

मी वाचू लागलो. "भोर. सुई, मीठ, ही." तोंडाला गती आली होती, थांबलो नाही. "वाई. मेणबत्ती, ही. पानशेत. ही, पंपाचा वायसर." पान उलटलं. सिंहगड, माझ्याबरोबरचा तो मुक्काम. त्याच्यापुढे सुई नव्हती, मीठ नव्हतं, मेणबत्ती नव्हती. नुसतं, "ही."

मामा पुढे झाले आणि त्यांनी वही माझ्या हातातून काढून घेतली. कान लाल झाले होते. "ते वाचायचं नव्हतं," असं काहीतरी पुटपुटले आणि काट्याकडे बघत उभे राहिले, जणू तो सहावरून हलेल. मला आठवलं, गडावर त्या संध्याकाळी सगळे सूर्यास्ताचे फोटो काढत असताना हा माणूस पुण्याच्या दिशेला तोंड करून बसला होता. तेव्हा मी समजलो होतो, वारा चुकवतायत.

मेथी निवडण्याचा आवाज थांबला होता. कडीला पिशवी हळूहळू गोल फिरत होती. मामी वळल्या. एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा मामांकडे, आणि हातातली जुडी तशीच धरून एकदम म्हणाल्या, "अहो, पण माझं वजन अडुसष्ट किलो आहे!"