अवार्ड मिळेपर्यंत अनवाणी

फेब्रुवारीचा पहिला सोमवार. ऊन आत्ताच कडक, वारा अजिबात नाही. वहीत रोज हवामानाची एक ओळ मी लिहितो. बाकीचं पान थेटरातले लोक भरतात. लातुरात तिकीट खिडकीवर बसलेल्याला किस्से शोधावे लागत नाहीत. बाहेर डोकावावं लागतं ते हवामानासाठीच.

त्या दिवशी उदगीरचे आप्पा आले. भुसार मालाचे व्यापारी. टेकडीवरच्या देवीवर त्यांनी पिक्चर काढला होता आणि आमच्याकडे तो जोरात चालला होता. त्यांनी चपला काढून माझ्या टेबलाखाली सरकवल्या. "मुंबईचा अवार्ड मिळेपर्यंत घालणार न्हाई. देवीला बोललोय."

आमचे ऑपरेटर रशीदभाई तिथंच चहा पीत होते. दारापाशी प्रेक्षकांच्या चपलांचा ढीग होता, तो दाखवून म्हणाले, "आप्पा, लोगां जूते निकाल के अंदर जारे. इससे बड़ा अवार्ड कौनसा होना?"

"हे लोक आपलेच हायत. त्येंचं कोण धरतं?"

*

सकाळी थेटर एका कोचिंगवाल्या सरांकडे असे. क्लास इतके वाढले होते की शहरात खोल्या पुरेनात. बारावीच्या आधी पोरं पडद्याला हॉल तिकीट टेकवू लागली, आया पडद्यावर कुंकू लावू लागल्या. मी तक्रार केली तर सर म्हणाले, "लावू द्या. माझं शिकवून झालंय."

मध्ये आठवडाभर मारामारीचा पिक्चर लागला. पडद्यावरचं ठसठशीत कुंकू नेमकं खलनायकाच्या कपाळावर. पुढच्या रांगेनं त्यालाही हात जोडले.

*

अवार्डचा फॉर्म आला. प्रकार: सामाजिक, कौटुंबिक, विनोदी, इतर.

"देवी इतरमधी?" आप्पांचं पेन थांबलं.

"कौटुंबिक में डालो," रशीदभाई म्हणाले. "सबकी माँ है."

पिक्चरमध्ये देवळातली खरी मूर्तीच होती, म्हणून प्रमुख भूमिकेत आप्पांनी देवीचं नाव घातलं, पत्ता देवळाचा. मुंबईहून पत्र आलं: कलाकाराची लेखी संमती जोडावी. आप्पांनी कौल लावला. मूर्तीला चिकटवलेलं फूल उजवीकडून पडलं, म्हणजे होकार. पुजाऱ्यानं तसं लिहून सही केली आणि खाली टीप घातली: मंगळवारी गर्दी असते, पत्रव्यवहार करू नये.

कागद मंजूर झाला.

*

मार्चमध्ये तीन परीक्षक आले. दुपारचा शो, थेटर भरलेलं. बूट काढताना एकजण कुरकुरले, "धार्मिक चित्रपटाला अवार्ड हवाच कशाला? भक्त असतात की."

आप्पा म्हणाले, "साहेब, भक्त देवीचे हायत. पिक्चर मी काढलाय."

देवी कोपते तो प्रसंग आला. वीज, नगारे. आणि जमिनीखालून घरघर. किल्लारीच्या भूकंपानंतर तो आवाज आमच्या पायांना कानांच्या आधी कळायचा. सगळं थेटर बाहेर धावलं, मीही. रशीदभाई मशीन चालू सोडून जिना उतरले. मैदानात आम्ही अनवाणी, आपापली माणसं मोजत उभे.

धक्का थांबल्यावर आप्पा, रशीदभाई आणि मी आत डोकावलो. तिघे परीक्षक खुर्चीच्या कडेवर सरकून पडद्याकडे बघत होते. एकजण आप्पांकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "खुर्चीसुद्धा हलते. कसं साधलंत हो?"

आप्पांनी तोंड उघडलं. रशीदभाईंनी त्यांचा हात दाबला.

*

एप्रिलमध्ये निकाल लागला. सर्वोत्कृष्ट चित्रपट: दुसराच. सर्वोत्कृष्ट ध्वनी: आप्पांचा.

आप्पांनी टेबलाखालच्या चपला घेतल्या, पण पिशवीत टाकल्या. मला सोबत घेऊन टेकडी चढले, मूर्तीला फूल चिकटवलं आणि विचारलं, "माय, आता घालू का?"

फूल डावीकडून पडलं.